बाबासाहेबांचं कोलंबिया आणि त्याच्या पायथ्याचं हार्लेम

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावापुढे ज्या पदव्यांची रांग लागते, त्यातल्या एम.ए. आणि पीएच.डी. या दोन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या. महाराष्ट्रात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ते विद्यापीठ कुणाच्या मालकीचं, त्याचा गाडा कुणाच्या पैशावर चालतो आणि त्याच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या माणसांशी ते कसं वागलं, याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. आता आपल्या शहरांमध्येही एकामागून एक खाजगी विद्यापीठं उभी राहताहेत. त्यामुळे कोलंबियाची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात नावापासूनच करू. या विद्यापीठाचं पूर्ण नाव आहे 'कोलंबिया युनिव्हर्सिटी इन द सिटी ऑफ न्यूयॉर्क'. न्यूयॉर्क शहरातलं कोलंबिया विद्यापीठ. 1896 साली विश्वस्तांनी शहराचं नाव मुद्दाम त्यात घातलं. पुढचं सगळं या शेपटाभोवती फिरतं.

खाजगी, पण मालक नसलेलं

'खाजगी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोनेशन, मॅनेजमेंट कोटा आणि शिक्षणसम्राट येतात. कोलंबिया त्या अर्थानं खाजगी नाही. त्याचा कुणी मालक नाही, त्याचे शेअर नाहीत, वर्षाअखेरी उरलेला पैसा कुणाला घरी नेता येत नाही. 24 जणांचं विश्वस्त मंडळ कारभार पाहतं. आपल्याकडच्या देवस्थानाचा ट्रस्ट आठवा: देवाचे दागिने विश्वस्तांच्या ताब्यात असतात, पण ते त्यांचे नसतात. इथेही तसंच.

मग 'खाजगी' कशाला म्हणायचं? तर कुलगुरू कोण, काय शिकवायचं, कुणाला प्रवेश द्यायचा, हे सरकार ठरवत नाही म्हणून. अमेरिकेत या स्वातंत्र्याला कायद्याची भिंत आहे. 1819 साली डार्टमथ कॉलेजच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, कॉलेजला एकदा दिलेली सनद हा करार आहे आणि राज्य सरकारला तो आपल्या मर्जीनं बदलता येणार नाही. अमेरिकेतली खाजगी विद्यापीठं इतकी बळकट झाली, त्याच्या मुळाशी हा निकाल आहे.

एवढं कळलं की पुढचा प्रश्न पैशाचा. लोकांची समजूत असते की खाजगी म्हणजे स्वतःच्या पैशावर उभं. कोलंबियाचा इतिहास वाचला तर ही समजूत टिकत नाही.

1754 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज यानं सनद दिली आणि 'किंग्ज कॉलेज' सुरू झालं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला ट्रिनिटी चर्चला लागून असलेल्या शाळेच्या इमारतीत पहिला वर्ग भरला. विद्यार्थी आठ. त्यासाठीचा पैसा जमला होता सार्वजनिक लॉटरीतून, आणि जमीन ट्रिनिटी चर्चनं दिली. सुरुवातीच्या देणगीदारांमध्ये गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेले लोक होते, हेही सांगायला हवं. विद्यापीठानं स्वतःच इतिहासकारांना कामाला लावून 2017 मध्ये या संबंधांची माहिती प्रसिद्ध केली. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि पहिले सरन्यायाधीश जॉन जे इथलेच विद्यार्थी. स्वातंत्र्ययुद्धात कॉलेज बंद पडलं, 1784 मध्ये उघडलं तेव्हा 'किंग' हा शब्द कुणालाच नको होता. म्हणून 'कोलंबिया'.

आता 1814 ची गोष्ट, आणि माझ्या मते हीच कळीची. कॉलेज कायम कडकीत असायचं, म्हणून न्यूयॉर्क राज्याकडे मदत मागितली. राज्यानं रोख रकमेऐवजी शहराबाहेरची सुमारे 20 एकरांची एक बाग दिली. डेव्हिड होसॅक नावाच्या डॉक्टरांनी औषधी वनस्पतींसाठी हौसेनं वाढवलेली ती एल्गिन बाग पुढे राज्यानं विकत घेतली होती. तेव्हा ती गावाबाहेरची ओसाड जागा, कॉलेजला तिचं काय करावं कळेना. पण शहर उत्तरेकडे सरकत गेलं आणि ती जमीन मॅनहॅटनच्या ऐन मध्यात आली. 1920 च्या दशकाच्या शेवटी जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी ती भाडेपट्ट्यानं घेतली आणि तिच्यावर रॉकफेलर सेंटर उभं केलं. नाताळात जिथलं उंच झाड आणि बर्फावरचं स्केटिंग आपण टीव्हीवर पाहतो, तीच जागा. कोलंबियानं अनेक दशकं तिचं भाडं खाल्लं आणि 1985 मध्ये ती 40 कोटी डॉलरला विकली. सरकारनं दिलेली एक बाग 171 वर्षांत एवढी झाली.

अशा मिळकतीतून विद्यापीठाची कायम ठेव उभी राहते. पूर्वी लोक देवळातल्या नंदादीपासाठी रक्कम ठेवायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून तेल आणायचं. ही ठेव त्याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच की कोलंबियाची ठेव 2024 मध्ये सुमारे 1,480 कोटी डॉलरच्या घरात होती. तिच्या उत्पन्नातून प्राध्यापकांचे पगार, शिष्यवृत्त्या, इमारतींची देखभाल यांचा काही भाग भागतो. बाकीचा पैसा फी, रुग्णसेवा, देणग्या आणि संशोधनासाठी येणारं केंद्र सरकारचं अनुदान यांतून येतो. हे अनुदान वर्षाला शंभर कोटी डॉलरहून अधिक असतं.

याशिवाय एक मदत अशी आहे जी दिसत नाही, कारण तिचा चेक कुणी फाडत नाही. शैक्षणिक संस्था म्हणून कोलंबियाला मालमत्ता कर माफ आहे. 2023 मध्ये वृत्तपत्रांनी केलेल्या शोधात असं पुढे आलं की, जागांची संख्या मोजली तर न्यूयॉर्क शहरातला सर्वांत मोठा खाजगी जमीनमालक आता कोलंबिया आहे. तीनशेहून अधिक मालमत्ता, किंमत सुमारे 400 कोटी डॉलर, आणि वर्षाकाठी वाचणारा कर 18 कोटी डॉलरच्या वर. हा कर विद्यापीठ भरत नाही, म्हणजे शहरातले बाकीचे लोक तेवढा जास्त भार उचलतात. शेजाऱ्यांना विद्यापीठाकडे काही मागायचा हक्क आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर या आकड्यातच आहे.

टेकडीवर

1897 मध्ये कोलंबिया आजच्या जागी, मॉर्निंगसाइड हाइट्स या टेकडीवर आलं. तिथे आधी मनोरुग्णालय होतं. हे स्थलांतर घडवणारे अध्यक्ष सेथ लो ब्रुकलिनचे महापौर राहिलेले होते आणि नंतर न्यूयॉर्कचेही महापौर झाले. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी पदरचे 10 लाख डॉलर घालून ग्रंथालय बांधलं. मोठा घुमट, समोर रुंद पायऱ्या, त्यांवर हात पसरून बसलेल्या विद्यामातेचा पुतळा. ती लो लायब्ररी.

त्या काळात विद्यापीठाची एक ठाम धारणा होती: समाजशास्त्र शिकायचं तर शहर हीच प्रयोगशाळा. जगाच्या कानाकोपऱ्यातून रोज बोटींनी माणसं उतरत होती, गिरण्या, संप, गरीब वस्त्या, सगळं दाराशी होतं. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र यांची पदव्युत्तर शाखा 1880 पासूनच इथे रुजलेली होती.

1913 च्या जुलैत 22 वर्षांचे भीमराव आंबेडकर तिथे पोहोचले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती होती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. सुरुवातीला इकडेतिकडे राहून ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात आले आणि नवल भथेना या पारशी तरुणाशी तिथे जुळलेली मैत्री जन्मभर टिकली. त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी वाचताना थक्क व्हायला होतं: अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. 1915 मध्ये एम.ए. झालं. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जातीची उत्पत्ती आणि यंत्रणा उलगडणारा तो निबंध आजही अभ्यासला जातो. अर्थतज्ज्ञ सेलिग्मन त्यांचे मार्गदर्शक, आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा त्यांच्या लोकशाहीच्या विचारावर खोल ठसा. पीएच.डी. 1927 मध्ये हाती आली, आणि राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून 5 जून 1952 रोजी याच विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

ज्या देशात शाळेत गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, तिथून आलेल्या तरुणाला या वर्गांत बरोबरीनं बसता आलं. कोलंबियातले काही वर्गमित्र आणि प्राध्यापक हे आपले आयुष्यातले सर्वांत चांगले मित्र, असं बाबासाहेब पुढे म्हणाले. या आठवणीमुळे कोलंबिया आपल्याला जवळचं वाटतं, आणि ते रास्तच आहे.

पण तेच विद्यापीठ त्याच सुमारास दुसऱ्या दारानं काय करत होतं, तेही बघायला हवं. पदवीच्या वर्गात ज्यू मुलांची संख्या वाढतेय, हे त्या काळच्या चालकांना खुपू लागलं आणि पहिल्या महायुद्धानंतर प्रवेशाचे निकष असे बदलले की ती कमी व्हावी. मुलींना पदवीचं मूळ कॉलेज बंदच होतं. त्यांच्यासाठी 1889 मध्ये शेजारी बर्नार्ड कॉलेज निघालं, आणि मूळ कॉलेजात मुलींना प्रवेश मिळायला 1983 साल उजाडावं लागलं. 1921 मध्ये लँग्स्टन ह्यूज हा कृष्णवर्णीय तरुण कवी इथे शिकायला आला. विद्यापीठात तो रमला नाही. वर्षभरात तो बाहेर पडला, आणि टेकडीखालच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीनं त्याला आपलं म्हटलं.

पायथ्याशी

नकाशा डोळ्यांपुढे आणा. वर टेकडी, तिच्यावर विद्यापीठ. पूर्वेला एकदम तुटलेला कडा, त्या उतारावर लांबट पट्ट्यासारखी मॉर्निंगसाइड पार्क ही सार्वजनिक बाग, आणि बाग संपली की खाली हार्लेम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दक्षिणेकडच्या राज्यांतले कृष्णवर्णीय इथे येऊन राहिले. साहित्य, संगीत, राजकारण यांचं ते राजधानीचं ठिकाण झालं. टेकडी आणि वस्ती यांच्यात अंतर चालत दहा मिनिटांचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठाला जागा अपुरी पडू लागली. त्यानं आजूबाजूच्या शंभरहून अधिक इमारती विकत घेतल्या आणि त्यांतल्या हजारो भाडेकरूंना निघावं लागलं. एकेका खोलीत राहणारे गरीब, म्हातारे, बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोचे. गिरणगावातल्या चाळी रिकाम्या होताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग आली व्यायामशाळा. 1961 मध्ये विद्यापीठानं शहराकडून मॉर्निंगसाइड पार्कमधली सुमारे दोन एकर जागा भाड्यानं घेतली, वर्षाला 3,000 डॉलर. तिथे भव्य जिम्नॅशियम बांधायचं आणि त्यातला छोटा भाग हार्लेमच्या लोकांना द्यायचा असं ठरलं. सुरुवातीच्या आराखड्यात हा भाग जेमतेम 12 टक्के होता. इमारत उतारावर, त्यामुळे विद्यार्थ्यांचं प्रवेशद्वार वर आणि वस्तीतल्या लोकांचं खाली. लोकांची सार्वजनिक बाग घ्यायची, आणि लोकांना मागच्या दारानं आत सोडायचं! अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना वेगळे डबे, वेगळे नळ ठेवणाऱ्या कायद्यांना 'जिम क्रो' म्हणत. लोकांनी या जिमचं नावच 'जिम क्रो' पाडलं. पाणवठ्याचा इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाला त्या दोन दारांचा अर्थ लगेच कळेल.

1968 च्या फेब्रुवारीत खोदकाम सुरू झालं. 4 एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. 23 एप्रिलला विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉल ही विद्यापीठाची इमारत ताब्यात घेतली. मागण्या मुख्यतः दोन: जिमचं काम थांबवा, आणि व्हिएतनाम युद्धासाठी संशोधन करणाऱ्या संस्थेशी संबंध तोडा. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉल स्वतःकडे ठेवला, गोऱ्या विद्यार्थ्यांनी आणखी चार इमारती धरल्या. हार्लेममधून जेवणाचे डबे आले. आठवडाभरानं, 30 एप्रिलच्या पहाटे, प्रशासनानं पोलीस बोलावले. सुमारे 700 जणांना अटक झाली, अनेकांची डोकी फुटली. उन्हाळ्यात अध्यक्ष ग्रेसन कर्क पायउतार झाले. जिम त्या बागेत कधीच झालं नाही. खोदलेल्या खड्ड्याचं पुढे तळं आणि धबधबा झाला, आणि आज तिथे वस्तीतली मुलं बदकं बघतात. पुढच्याच वर्षी विद्यार्थी आणि प्राध्यापकांना कारभारात आवाज देणारी सिनेट स्थापन झाली.

कोलंबियानं शेजाऱ्यांसाठी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 1928 पासून वॉशिंग्टन हाइट्समध्ये त्याचं मोठं वैद्यकीय केंद्र आहे आणि उत्तर मॅनहॅटनच्या कित्येक पिढ्यांचे जन्म-मरण तिथलेच. 1947 मध्ये युद्धावरून परतलेल्या जवानांसाठी आणि मोठ्या वयात शिकायला येणाऱ्यांसाठी वेगळी पदवी शाखा काढली, ती आजही चालू आहे. 1965 पासून 'डबल डिस्कव्हरी सेंटर' हार्लेम आणि परिसरातल्या गरीब घरच्या मुलांना कॉलेजपर्यंत पोहोचवण्याचं काम करतं. विधी शाखेचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली गरजूंचे खटले मोफत चालवतात. पण ही कामं आणि जमिनीची भूक, दोन्ही एकाच वेळी चालू राहिली. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांची 1965 मध्ये ज्या ऑड्युबन सभागृहात हत्या झाली, ते पाडून विद्यापीठाला संशोधन केंद्र बांधायचं होतं. लोक आडवे आले म्हणून दर्शनी भाग आणि सभागृहाचा काही भाग वाचला. आज तिथे त्यांचं स्मारक आहे.

2003 मध्ये विद्यापीठानं आणखी मोठी योजना मांडली: हार्लेमच्या पश्चिमेला मॅनहॅटनव्हिल भागात 17 एकरांवर नवा परिसर. तिथे गॅरेज, गोदामं, छोटे कारखाने आणि काही घरं होती. बहुतेकांनी जागा विकल्या, काहींनी नाही म्हटलं. तेव्हा राज्यानं सक्तीच्या भूसंपादनाचा मार्ग घेतला. सार्वजनिक हितासाठी घ्यायची जमीन एका खाजगी संस्थेला द्यायची, हे कायद्यात बसतं का, हा वाद दोन वेळा फिरला. 2009 च्या डिसेंबरात एका कोर्टानं 'नाही' म्हटलं, जून 2010 मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं 'हो' म्हटलं. वस्तीसाठी मात्र यावेळी लेखी करार झाला होता: परवडणारी घरं, नोकऱ्या, शाळा, कायदेशीर मदत यांसाठी 15 कोटी डॉलर. नव्या इमारतींना कुंपण नाही, तळमजले लोकांसाठी खुले ठेवलेत. 1968 चा धडा तिथे दिसतो. तरी भाडी वाढली आणि जुने लोक लांब गेले, ही तक्रार ऐकू येतेच, आणि मला ती खरी वाटते.

एका बाबतीत मात्र 'खाजगी'ची भिंत अलीकडेच किती पातळ आहे ते दिसलं. 2024 च्या एप्रिलात गाझातल्या युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांनी हिरवळीवर तंबू ठोकले, पुन्हा हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला आणि पुन्हा 30 एप्रिललाच पोलीस आत शिरले. 2025 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं 40 कोटी डॉलरची अनुदानं आणि करार रद्द केले. जुलैत विद्यापीठानं सरकारला 20 कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचं आणि कारभारात बदल करण्याचं मान्य करून तडजोड केली. 1819 च्या निकालानं सनदेला संरक्षण दिलं, पण अनुदानाची चावी सरकारच्या हातात असेल तर सनद किती पुरणार?

2024 च्या त्या आंदोलनापासून परिसराची मोठी दारं ओळखपत्राशिवाय उघडत नाहीत. त्यातला मधला रस्ता, कॉलेज वॉक, हा खरं तर न्यूयॉर्कचा 116वा रस्ता. 1953 मध्ये शहरानं तो 1,000 डॉलरला विद्यापीठाला दिला. त्यानंतरही लोक त्यावरून ये-जा करायचे. बाजारहाट करून परतणाऱ्या बायका, शाळेची पोरं, सायकलवाले. आता त्यांना वळसा पडतो, आणि काही रहिवाशांनी यावर कोर्टात धाव घेतली आहे.

लेहमन ग्रंथालयात 1995 पासून बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. आपल्याकडून न्यूयॉर्कला जाणारी कितीतरी माणसं त्याच्यासमोर हात जोडायला म्हणून कोलंबियाचा पत्ता शोधत येतात. बाबासाहेब शिकत होते तेव्हा हा 116वा रस्ता शहराचाच होता. लिव्हिंग्स्टन हॉल त्याच्या दक्षिणेला, लो लायब्ररी उत्तरेला. खोलीतून ग्रंथालयात जायचं, तर दर वेळी त्यांना न्यूयॉर्कचा सार्वजनिक रस्ता ओलांडावा लागायचा.